हिना, माझ्या हातावरची

माझ्या कातडीवर कुठल्याही अत्तराचं काही खरं नाही. मोगरा लावावा तर पाच मिनिटांत त्याचा रॉकेलचा स्टोव्ह होतो, आणि केवड्याने तर एकदा अख्खा लग्नमांडव रिकामा केला होता. तरी बायको गेल्यापासून मी अत्तराच्या दुकानात जाऊन बसतो. ती हिना लावायची. तासाभराने तिच्या अंगावर त्या हिनेला गरम भातावरच्या तुपासारखा काहीतरी वास यायचा, आणि ती घरात आहे हे मला जिन्यातच कळायचं.

आज मुलगी सोबत होती. दुकानदाराने आणखी एक काडी माझ्या हातावर टेकवली.

"छे! ही नव्हे."

"बाबा, आई हीच घ्यायची. इथूनच," मुलगी म्हणाली.

"मग असा वास का येतोय?"

"अहो, हात तुमचा आहे ना," दुकानदार म्हणाला.

माणूस जातं, तेव्हा साड्या राहतात, फोटो राहतात, आवाजसुद्धा मोबाइलमध्ये कुठेतरी राहतो. ज्या कातडीवर हिना मुरायची, ती मात्र आपणच जाळून येतो.

मी हात पुन्हा नाकाशी नेला. मनगटापासून कोपरापर्यंत नुसता मीच होतो.