बाबांचा फोटो आणि फुटलेला माठ

भंडाऱ्याकडचं आपलं गाव सोडलं तेव्हा बैलगाडीत दोन वळकट्या, पाण्याचा पितळी गुंड आणि माझी पाटी एवढंच होतं. वेशीपाशी बाबा आत्याला म्हणाले, “कारखान्यात नौकरी तं भेटलीच, पन पोरीले शाळेसाठी नेऊन राहिलो. शिकलं का मन मोठं होते मानसाचं.” गावच्या शाळेत काही पोरांना माठाला हात लावू देत नसत, लांबून ओंजळीत पाणी ओतत. बाबा त्याला अडाणीपणा म्हणायचे. मला केवढा अभिमान वाटायचा त्यांचा!

भिलाईत नुसती लाल धूळ, क्रेन आणि नव्या क्वार्टरांच्या रांगा. वर्गात देशभरची पोरं. माझ्या बाकावर फुलबासन बसायची, जवळच्या वस्तीतली छत्तीसगढी पोरगी. एका दुपारी ती माझ्यासोबत घरी आली, माठातून आपल्या हाताने पाणी प्यायली आणि अंगणाकडे बोट दाखवून म्हणाली, “इहां हमर धान के खेत रिहिस.” कारखान्यासाठी गेलेलं त्यांचं भाताचं शेत इथेच होतं.

तेवढ्यात बाबा फर्स्ट शिफ्टवरून आले. त्यांनी तिची जात विचारली. तिने सांगितली. बाबांनी माठ अंगणात नेऊन फोडला आणि तिच्या डोळ्यांदेखत घरभर गोमूत्र शिंपडलं.

मी म्हटलं, “बाबा, मन मोठं होते म्हनलं होतं ना तुमी?”

कानशिलात बसली. “हेच शिकवते का थे शाळा? उद्यापासून जाचं नाही!”

सहावीत माझी शाळा सुटली ती सुटलीच.

आणि आता, गुरुजी, तुमचं पत्र येतं, बाबांचा फोटो ‘शिक्षणप्रेमी’ म्हणून गावच्या शाळेत लावतोय, चार शब्द लिहा. काय लिहू? माझ्या धाकट्या भावांना त्यांनी पुढे इंजिनियर केलं, खरंच आहे. पण असलं शिक्षण काय चाटायचंय? फुलबासन शिवली म्हणून जे घर शुद्ध केलं, ते तिच्याच बापाच्या शेतात उभं होतं. अजूनही आठवलं की अंगाची लाही होते.

फुलबासन आजही येते. सरळ स्वयंपाकघरात जाते, पाणी घेते, मलाही देते. तेच माझं घर. गावालाही घर म्हणावंसं वाटतं हो, पण तुमच्या शाळेत पाणी अजून वरूनच ओततात असं कळलं.

फोटो लावा, माठाच्या बरोबर वर लावा. ज्या दिवशी त्याच्याखाली कुठलंही पोर आपल्या हाताने पाणी घेईल, त्या दिवशी मला बोलवा. मी येईन, आणि सहावीच्या वर्गात बसेन.