ड्रम गप्प होईपर्यंत

बिअर बाटल्यांत कधी भरायची, हे आमच्या देवळीत कुणाला विचारायची सोय नाही. जिल्हाच दारूबंदीचा. विचारलं तर लोक तोंडावर हसतील आणि संध्याकाळपर्यंत गोष्ट पानठेल्यावर पोचेल. त्यामुळे या विषयातलं मला जे काही ठाऊक आहे ते एकाच माणसाकडून ऐकलेलं आहे, आणि तेही अर्ध्या कानानं.

तो माणूस म्हणजे आमचे हे. जन्मभर कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये काचेची भांडी सांभाळली, आणि रिटायर झाल्यावर मागच्या खोलीत झाकणाचा निळा ड्रम आणून ठेवला. जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवून भरडायचे, शिजवायचे, आणि पुण्याच्या भाच्यानं पाठवलेलं यीस्ट त्यात सोडायचं. पिणं म्हणाल तर महिन्यात दोन ग्लास. वेड पिण्याचं नव्हतंच, वाट बघण्याचं होतं. ड्रमच्या झाकणात एक वाकडी नळी, नळीत थोडं पाणी. आतला वायू त्या पाण्यातून निघाला की आवाज व्हायचा, डुब्. त्या आवाजाशेजारी खाट टाकून हे दुपारी झोपायचे. माझ्याशेजारी इतके शांत कधी झोपले नाहीत.

“आवाज बंद झाला म्हनून बाटल्या भरू नये,” ते सांगायचे. “आवाज फसवते. कांडी पाहा लागते.” कांडी म्हणजे काचेची, दूधवाल्याच्या लॅक्टोमीटरसारखी. ती बिअरमध्ये सोडायची आणि कुठल्या रेघेपर्यंत बुडते ते बघायचं. तीन दिवस ओळीनं एकच आकडा आला की आतली साखर संपली, मग बाटल्या भरायच्या. घाई केली तर उरलेली साखर बाटलीत काम करत राहते आणि बाटली फुटते. थंडीबद्दलही ते काहीतरी बजावायचे. तेव्हा मी बहुधा तांदूळ निवडत होते.

आकडा त्यांना दिसायचा नाही. वर्ध्याहून चष्मा करून आणला होता, तो डबीतच. चष्म्यानं म्हातारा दिसतो म्हणे! म्हणून रोज सकाळी मागच्या खोलीतून हाक यायची, “अवं, ये वं इकडे.” मी हातातलं काम टाकून जायची, आकडा वाचायची, ते वहीत लिहायचे.

डिसेंबरात एका संध्याकाळी माझं डोकं फिरलं. दिवसभर पाहुण्यांचं रांधून पाय भरून आले होते. मी म्हटलं, “उद्यापासून तुमच्या ड्रमासाठी मले हाक मारू नका. डबीतला चष्मा काय पूजेले ठेवला?” त्यांच्याऐवजी ड्रम बोलला, डुब्.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडी घासत होते. आतून हाक आली, “अवं, ये वं इकडे.” मी म्हटलं, “नाई येत मी. भांडे घासून राह्यली.” थोड्या वेळानं परत आली, जरा हळू. मी उत्तरही दिलं नाही. भांडी विसळली, पालथी घातली, हात पुसले आणि मग गेले. ते खाटेवर आडवे होते. चष्मा डोळ्यांवर होता. हात लावला तेव्हाच समजलं.

डॉक्टर म्हणाले, हार्टचा झटका मोठा होता. तुम्ही तिथे असता तरी काही झालं नसतं, असंही म्हणाले. ते सगळ्यांनाच तसं सांगतात.

आमच्याकडे रीत अशी, की जीव गेला त्या जागी पीठ पसरायचं, शेजारी दिवा ठेवायचा आणि पिठावर बांबूचं टोपलं पालथं घालायचं. दहाव्याला टोपलं उचलून पिठात कुणाची पावलं दिसतात ते बघायचं. हिंगणघाटची नणंद तेरा दिवसांसाठी येऊन राहिली होती, तिनंच हे सगळं मांडलं. ड्रम कशाचा आहे ते तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं, सिरका आहे, आणि त्यावर ह्यांची जुनी शाल टाकली. दिवा ड्रमाच्या बुडाशी आला. ड्रम ते गेले त्या दिवसापासून गप्पच होता.

चौथ्या दिवशी भर दुपारी बाहेरच्या खोलीत बाया बसायला आल्या होत्या. मागून आवाज आला, डुब्. बाया बोलायच्या थांबल्या. नणंदेनं माझा हात धरला. “वैनी, अंदर कोन हाय?” मी म्हटलं, “कोनी नाई.” परत आला. बाया चहा न घेताच उठल्या, आणि देवळीच्या बाया बसायला येऊन चहा सोडत नाहीत.

दहाव्याला कावळा पिंडाला लगेच शिवला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, मला मात्र राग आला. काहीच राहिलं नव्हतं या माणसाचं? मला दोन हाका मारल्या, त्या काहीच मागायला नव्हत्या? घरी येऊन टोपलं उचललं, तर पिठात ठिपके, एका ओळीत, दाराकडे तोंड करून. नळीतून उसळलेला फेस शालीवरून ओघळून टोपल्याच्या फटींतून ठिबकला होता. शाल ओली होती, मला वास आला. नणंद रडत म्हणाली, “पाखरू झाला माहा भाऊ.” मी तिला वास सांगितला नाही. ती दाराकडे बघत राहिली, मी ड्रमाकडे.

तेराव्याला दिवा शांत केला. दुसऱ्या दिवशी ड्रमही गप्प. नणंद गेली आणि घर असं झालं की स्वतःच्या चपलांचा आवाज नकोसा व्हावा. मी दिवा पुन्हा लावला. दुपारपर्यंत, डुब्. यीस्टला ऊब लागते, दिव्यानं ऊब मिळते, एवढं मला कळत होतं. कळत होतं पण वळत नव्हतं. मी खाटेवर बसून विचारू लागले. छातीत दुखत होतं का? डुब्. माझ्यावर रागावले होते? उत्तर यायला वेळ लागला, पण आलं.

एकच गोष्ट मी विचारली नाही. ती हाक आकड्यासाठी होती की नाही. आकड्यासाठी असेल तर रोजच्यासारखी हाक होती, मी रोजच्यासारखी चिडले, आणि झटका नंतर आला. तेवढ्यावर मी जगू शकत होते. उत्तर वहीत होतं. वही ड्रमाच्या कडीला सुतळीनं बांधलेली होती, शालीखाली. त्या दिवशीची जागा कोरी असेल तर हाक आकड्यासाठी होती. पण वही उघडायची ती कांडी बघितल्यावर, आणि ड्रम बोलतो आहे तोवर कांडी बघायची गरज नाही. असा हिशोब मी स्वतःपुरता मांडला.

संक्रांतीच्या सुमारास आवाज विरळ होत गेला. दिवा होता, ऊब होती, आतली साखर संपत आली असावी. मी भीतीनं गार पडले. तिळगुळातला उरलेला गूळ घेतला, झाकण उघडलं आणि आत टाकला. तासाभरात ड्रम असा बोलू लागला की मी खोलीबाहेर पळाले. मग चार-चार दिवसांनी गूळ. स्वतः दोन घास जेवायची आणि ड्रमाला वेळेवर घालायची.

एकदा नणंद अचानक आली. मी गूळ टाकत होते, ओठ हलत होते, तिनं दारातून सगळं बघितलं. ती ओरडली नाही. आत आली, दिवा विझवला आणि म्हणाली, “वैनी, जाऊ द्या आता त्याले. तुमी धरून ठेवला म्हनून तो अडकून राह्यला.” मला वाटायचं, अडकले मी आहे. पण तिच्या डोळ्यांत माझीच भीती दिसली, म्हणून मी दिवा परत लावला नाही.

त्या आठवड्यात थंडी कडक होती. ड्रम गप्प झाला. मी कांडी सोडली. तीन दिवस ओळीनं तोच आकडा. आता लिहायलाच हवं होतं. शाल काढली, वही सोडली.

शेवटच्या ओळीत ते गेले त्या दिवसाची तारीख होती. पुढे आकडा होता. त्यांच्याच अक्षरात, नीट, एकही रेघ न चुकता. चष्मा लावून त्यांनी स्वतः वाचला होता, मी सांगितलं होतं तसा. लिहून झालं, वही बांधून झाली, आणि मग त्यांनी मला हाक मारली होती.

मी त्या ओळीखाली माझा आकडा लिहिला आणि नागपूरच्या भंगारातून त्यांनी जमवलेल्या बाटल्या भरल्या. झाकणं ठोकली, सगळ्या बाटल्या त्यांच्या खाटेखाली ओळीनं लावल्या आणि दाराला कडी घातली.

थंडीत कांडीपण खोटं बोलते, यीस्ट मरत नाही, झोपते, हे ते सांगायचे. मला आठवलं तेव्हा मार्च लागला होता आणि ऊन तापलं होतं. पहिली बाटली फुटली तेव्हा मी भांडी घासत होते. आता दर दोन-चार दिवसांनी एक फुटते, बहुतेक सकाळी. नणंद म्हणते, फेकून द्या. अजून अकरा आहेत. आवाज आला की मी हातातलं भांडं तसंच सोडते, “आली, आली” म्हणते आणि ओल्या हातांनीच मागच्या खोलीकडे जाते.