जांभळे ठिपके

माझ्या सासऱ्यांना सगळे फौजदार म्हणतात. धंदा कोंबड्यांचा, पण नजर तशीच. खाद्य घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरने चप्पल बदलल्याशिवाय त्याला शेडजवळ फिरकू देत नाहीत. सख्ख्या जावयालाही त्यांनी औषधाच्या पाण्यात पाय बुडवायला लावले होते. जावई रुसला, पण हे ढिम्म हलले नाहीत.

माझी दोन वर्षांची लेक जुलाबाने दुसऱ्यांदा आजारी पडली, तेव्हा डॉक्टर म्हणाले की हा जंतू कोंबड्यांच्या विष्ठेतून आला असणार. झालं, खापर माझ्यावर फुटलं. अंडी मी गोळा करते, स्वयंपाकही मीच करते. सासरे न विचारता स्वयंपाकघरात शिरायचे आणि म्हणायचे, "हात दाखव." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. साबणाने धुऊन धुऊन हात सोलवटले, तरी त्यांचा संशय फिटेना. शेवटी त्यांनी सांगून टाकलं की पोर आता आत्याकडेच राहील, आईपासून लांब. नवरा मान खाली घालून बसला. मी रडले, अगदी लाज सोडून.

लेक निघायच्या सकाळी ते पुन्हा तपासणीला आले. लेकीच्या दुधावर मी पांढरं फडकं झाकलं होतं. त्यांनी ते उचलून उजेडात धरलं. त्यावर मोहरीहून बारीक जांभळे ठिपके होते.

एकमेकींना टोचून जखमी झालेल्या कोंबड्यांना सासरे स्वतःच्या हाताने जांभळं औषध लावतात, आदल्या संध्याकाळीही लावलं होतं. बाटली कुलपात आणि किल्ली त्यांच्याच खिशात असते. आमच्यावर विश्वास कुठला! ते काही बोलणार, तेवढ्यात एक माशी फडक्यावर बसली, तिने पाय चोळले आणि खिडकीतून सरळ शेडकडे गेली. शेडमागे विष्ठेचा ढीग होता. तो लांब टाकू या असं मी म्हटलं होतं, तेव्हा मला कामाचा कंटाळा आहे असं त्यांना वाटलं होतं.

त्यांनी फडक्यावरच्या ठिपक्यांशेजारी आपला जांभळा अंगठा धरून पाहिला, मग खिडकीबाहेर शेडकडे.

"चप्पल न बदलता ही रोज येतेय," ते म्हणाले.

लेकीची भरलेली पिशवी त्यांनीच रिकामी केली. दुपारपर्यंत ढीग हलला, खिडकीला जाळी लागली. संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर थांबले. दोन्ही हात पुढे धरलेले, अंगठा अजून जांभळा.

"आत येऊ का, सूनबाई?"

मी ते हात उलटसुलट करून सावकाश पाहिले. खरं सांगते, बरं वाटलं.

"आधी धुऊन या," मी म्हटलं.

ते निमूट नळाकडे वळले.