सनोबर आपाची वरची बाग

पडदा वर जातो तो पहाटेच्या निळसर उजेडात. मागे इस्फरा खोऱ्यातल्या तांबड्या, बोडक्या टेकड्या. पायथ्याशी उतारावर एकीखाली एक अशा दोन बागा, मध्ये कमरेइतकी मातीची भिंत. जर्दाळूची झाडं फुलांनी पांढरीफेक. पान हलत नाही. वरच्या बागेत ओल्या पेंढ्याच्या ढिगापाशी एक बाई पालथ्या घमेल्यावर बसली आहे. अंगात कापूस भरलेला जाडजूड, लांब चापान, मुठीत काडेपेटी. ढीग पेटवावा की पेटवू नये, हे काही तिचं ठरत नाही.

ही सनोबर. सारा महल्ला तिला आपा म्हणतो. आणि खालच्या बागेतली मुहय्यो, तिची धाकटी जाऊ.

एक काळ असा होता, की सनोबरने डफ हातात घेतल्याशिवाय गावात लग्न लागत नसे. काय तिचा हात, काय तो आवाज! म्हाताऱ्या बाया हातातला पुलाव टाकून नाचायला उठायच्या. मग मुहय्यो सून होऊन आली. नव्या नवरीने लाजत लाजत डफ मागितला आणि असा वाजवला, की लोक सनोबरला म्हणाले, "आपा, तुम्ही आता जरा बसा, दमला असाल."

सनोबर त्या दिवशी बसली ती बसलीच. पण विसरली नाही.

सासऱ्याने बागेच्या वाटण्या केल्या, तेव्हा थोरली म्हणून तिला आधी विचारलं. तिने ताठ मानेने वरची बाग मागून घेतली. पाटाचं पाणी आधी आपल्या झाडांना, मग हिच्या! पुष्कळ वर्षं त्या विचारावर तिला गाढ झोप लागत असे.

मग हिवाळेच बिघडले. आता फेब्रुवारीतच असं ऊन पडतं, की झाडं फसतात, फुलून बसतात. आणि मार्चमध्ये, नवरोजच्या सुमाराला थंडी चोरासारखी परत येते. एका पहाटेत बहर काळा पडतो. म्हणून महल्ल्याने चायखान्यात बसून ठरवलं, की रात्री थंडीवर नजर ठेवणाऱ्या हमराकुल-अकाने तुतीला टांगलेली लोखंडी पट्टी बडवली, की प्रत्येक घराने आपापल्या बागेतले ओल्या पेंढ्याचे, शेण्यांचे ढीग पेटवायचे. ज्वाळा नको, धूर हवा. धुराची गोधडी पांघरली, की फुलं वाचतात.

गोधडी खरीच, पण पहाटेची थंड हवा टेकडीवरून खाली उतरते आणि धूर तिच्याबरोबर जातो. सनोबरच्या वर टेकडीशिवाय कुणी नाही. तिने पेटवलेला धूर भिंत ओलांडून मुहय्योच्या झाडांवर जाऊन निजतो. लागोपाठ तीन वर्षं सनोबरचा बहर करपला. खाली मुहय्योच्या घराच्या सपाट धाब्यावर मात्र जर्दाळू वाळत पडले, नारिंगी गालिचा अंथरल्यासारखे. सतरंज्या झटकायचं निमित्त करून सनोबर आपल्या रिकाम्या धाब्यावर चढायची आणि बघत राहायची. पाहुण्यांनी मुहय्योच्या जर्दाळूंचं कौतुक केलं, की म्हणायची, "गोड आहेत हो. साल तेवढी जाड." त्यात मुहय्योचा नवरा दर हिवाळ्यात रशियातून मजुरी करून, पिशव्या भरून घरी यायचा. सनोबरचा नवरा कबरस्तानातून कुठला यायला?

आज पट्टी वाजली. खाली एकेका बागेतून धूर उठू लागला. सनोबरची काडी मात्र पेटीतच.

"माझा पेंढा, माझा खोकला," ती पुटपुटली, "आणि जर्दाळू बाईसाहेबांचे. यंदा करपू दे हिचाही बहर. एकदा तरी रिकामं धाबं बघू दे."

एवढ्यात वर दगड घरंगळल्याचा आवाज झाला. कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या त्या टेकडीवर पाठीवर पेंढ्याचा भला मोठा भारा घेतलेली एक आकृती वाकली होती. फुंकर, खोकला, पुन्हा फुंकर. धूर उठला, जरा घुटमळला आणि संथपणे सनोबरच्या झाडांमध्ये उतरला.

"कोण तडफडतंय तिकडे?"

"मी आहे, आपा! मुहय्यो!"

"तू? तुझे ढीग सोडून?"

"ते सून बघतेय. काल अंथरुणात डोक्यात आलं. तुमचा धूर आम्हाला मिळतो, तुम्हाला कुणाचा? आपल्याला आधी कसं सुचलं नाही हो?" ती घसरत, धापा टाकत भिंतीपाशी आली. चेहरा काजळीने माखलेला. तिने न पेटलेल्या ढिगाकडे पाहिलं, मग आपाच्या मुठीकडे. "तुमचा पेटलेला दिसला नाही. म्हटलं, काडेपेटी संपली असेल. ही घ्या माझी."

सनोबरच्या छातीत कुणी निखारा ठेवल्यासारखं झालं. डफ नेला, जर्दाळू नेले. आता चांगुलपणातही हीच पुढे! थोरलेपण म्हणून एवढं एकच उरलं होतं, तेही उचललं हिने.

"माझ्या घरात काडेपेटी नाही?" ती कडाडली. "भिकारीण समजलीस मला? हो बाजूला!"

आणि तिने ढीग पेटवला. मग दुसरा, मग भिंतीलगतचा तिसरा. तेवढ्यावर भागेना, म्हणून गोठ्यातल्या शेण्या चापानच्या ओच्यात भरभरून आणल्या. मुहय्योपेक्षा जास्त धूर झालाच पाहिजे, या एकाच ईर्ष्येने ती ऊन वर येईपर्यंत राबत होती. दोन्ही बागा नाहीशा झाल्या. धुरात दोघी एकमेकींना दिसत नव्हत्या, खोकल्यावरून कळत होतं कोण कुठे आहे ते.

जूनमध्ये सनोबरच्या धाब्यावर तीन वर्षांनी जर्दाळू वाळत पडले. गावातल्या बाया बघून गेल्या आणि म्हणाल्या, "मुहय्योचं डोकं चाललं म्हणून हो!" सनोबर दुपारभर फळं उलटीपालटी करत राहिली. शेवटी धाब्याच्या कडेला आली, कमरेवर हात ठेवले आणि खाली ओरडली,

"मुहय्यो! पुढच्या वर्षी टेकडीवर मी चढणार. तू अंथरुणातून हललीस तर बघ, सांगून ठेवते!"