दस्तीखालचे अप्पा

माझी नोकरीची मुलाखत दस्तीखाली झाली. आमच्याकडे रुमालाला दस्ती म्हणतात. अप्पांच्या खांद्यावरची दस्ती मात्र एवढी ऐसपैस, की सोनपेठचा अर्धा आठवडी बाजार तिच्या सावलीला बसला असता. समोर तीन तज्ज्ञ, मध्ये प्राचार्य, आणि मी भूगोलातले माझे शोधनिबंध एकेक करून मांडतोय, तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष महालिंगअप्पा खुर्ची सरकवत जवळ आले. त्यांनी माझा हात हातात घेतला, वर दस्ती टाकली आणि आत बोटं चाचपत म्हणाले, "बोला मास्तर, किती?"

मला वाटलं, हात बघून भविष्य सांगतायत. घाबरून मी त्यांचा सगळा पंजाच आवळला.

"पाच!" अप्पा खूश. "मर्द गडी हाय. घ्या याला."

रुजू झाल्यावर कळलं, की दर जूनमध्ये पाच गावं फिरून विद्यार्थी गोळा करायचं मी कबूल केलं होतं. बाकीच्या उमेदवारांनी म्हणे नुसती करंगळी दिली होती.

अप्पा चौथी पास. पाचवीत का गेला नाहीत म्हणून विचारलं, तर म्हणायचे, "चौथीतच लय गर्दी व्हती." आडतीचं दुकान पोरांच्या हवाली करून ते दोन गोष्टींच्या नादी लागले होते. एक आमचं कॉलेज आणि दुसरा बैलबाजार. बैलबाजारात घेणारा आणि विकणारा कापडाखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं दाबून भाव करतात. भोवतीच्या गर्दीला फक्त कापड हलताना दिसतं. दलाली न घेता असे सौदे जुळवून देण्यात अप्पांची जवानी गेली. म्हातारपणी त्यांनी ही रीत दाव्यानं ओढत आणून थेट उच्च शिक्षणात बांधली. इतिहास आणि अर्थशास्त्र या दोन विभागांत एका पंख्यावरून तीन वर्षं महायुद्ध चाललं होतं. दोन्ही विभागप्रमुख दस्तीखाली गेले आणि पाच मिनिटांत गरीब गाईसारखे बाहेर आले. कॉलेज तपासायला दिल्लीहून समिती आली, तेव्हा अप्पांनी समितीच्या मोठ्या साहेबांच्या हातावरही दस्ती टाकली. साहेबांना वाटलं, सत्कार आहे. त्यांनी श्रीफळासाठी दुसरा हातही पुढे केला. श्रेणी जी मिळायची तीच मिळाली, पण निघताना साहेब अप्पांना एवढंच म्हणाले, "कपड़ा बहुत मुलायम है."

खरी दस्ती बघायची ती मात्र जूनमध्ये. अप्पांची जीप इतकी जुनी होती, की उतारालाही ढकलावी लागायची. पाथरीच्या रस्त्यावर एकदा आमच्या मागून निघालेली बैलगाडी आमच्या आधी पोचली, आणि वर गाडीवानानं आमच्यासाठी चहा सांगून ठेवला. पोरांचं काही नसे, ती आपोआप येत. अडायचं ते पोरींपाशी. "बारावी झाली, बास झालं," असं बाप म्हणाला, की अप्पा ओट्यावर मांडी घालायचे, बापाचा हात ओढून वर दस्ती टाकायचे आणि विचारायचे, "बोला, सालं किती?" बाप एक बोट धरायचा, अप्पा तीन. चुलते, सरपंच, शेजारी माना उंच करून बघायचे. आत दोन मुंगसं भांडतायत अशी दस्ती उसळायची. अर्ध्या तासानं दस्ती निघे तेव्हा दोघांचे चेहरे दगडासारखे. कोण नमलं हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. आठवड्यानं पोरगी कॉलेजात हजर.

अप्पा आत काय सोडत होते, ते आम्हाला वर्षभरानं उमगायचं. एका जूननंतर कॉलेजचं वेळापत्रक एकाएकी एसटीच्या वेळेवर आलं. प्राचार्यांनी आदळआपट केली, पण पोरी दिवेलागणीच्या आत घरी पोचू लागल्या. दुसऱ्या वर्षी अध्यक्षांच्या दालनाचं बांधकाम थांबलं आणि तिथल्या विटा मुलींच्या स्वच्छतागृहाला लागल्या. कुठल्या तरी बापानं बोट मुरगाळून हे मागून घेतलेलं असणार.

मी एकदा म्हटलं, "अप्पा, चांगलंच काम आहे. मग उघड बोलायला काय होतं?"

"मास्तर, तुमी नकाशे शिकवा," अप्पा म्हणाले. "माणूस चारचौघांत हारत न्हाई, त्येला झाकून हारू द्यावं. वर आल्यावर मीच जिकलो म्हनला, तर म्हनू द्या. पोरगी वर्गात बसली का न्हाई?"

गेल्या श्रावणात अप्पा गेले. त्यांच्या समाजाच्या रिवाजाप्रमाणे त्यांना विभूती लावून, बसवून मिरवणुकीनं नेलं. अप्पा दोन तास एका जागी गप्प बसलेत, हे बघितल्यावरच ते गेल्याची आम्हा सगळ्यांची खात्री पटली. मग शोकसभा झाली. प्राचार्य इतके लांब बोलले, की पहिल्या रांगेतल्या माणसांच्या दाढ्या वाढल्या.

सभा संपली आणि ऑफिसच्या दारात नदीकाठच्या गावचे मारोतराव उभे राहिले. सोबत त्यांचे थोरले भाऊ. मागे मुलगी कोमल, प्रॅक्टिकलची वही छातीशी धरून. तिचं बीएस्सीचं तिसरं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं.

"दाखला द्या," मारोतराव म्हणाले. "अप्पासंगं दोन बोटांवर ठरलं व्हतं. दोन सालं झाली."

"पावणे बघून गेलेत," थोरल्यांनी जोड दिली. "पोरगं पुण्याला कंपनीत हाय. थांबायला तयार न्हाईत."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण त्या सौद्याच्या दिवशी अप्पांबरोबर जीपमध्ये मी होतो. पण मला दिसली होती ती फक्त उसळणारी दस्ती. सौदा माहीत असलेल्या दोघांतला एक आता बोलणार नव्हता आणि दुसरा जमिनीकडे बघत होता. मग मी जे मला उत्तम जमतं ते केलं. खोटं बोललो.

"तीन बोटं होती! मी डोळ्यांनी पाहिलं. दस्तीला भोक होतं."

"नवीकोरी दस्ती व्हती, सर," थोरले म्हणाले. "म्या बाजूलाच बसलो व्हतो. आमच्या भावाला खोटा पाडायलाव का?"

"दोन म्हणजे दोन!" मारोतराव कडाडले. मी जसजसा जोर लावू लागलो, तसतसे ते दोनला घट्ट चिकटू लागले. कोमलनं माझ्याकडे असं काही पाहिलं, की सर, पाया पडते, आता गप्प बसा. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. थोरल्या भावासमोर, सगळ्या स्टाफसमोर मी या माणसाला हरवायला निघालो होतो. असा तो सात जन्मांत हरला नसता.

मी खिशातून माझा चौकटीचा रुमाल काढला. त्याखाली एक अंगठाही धड झाकला जात नव्हता.

"मारोतराव, अप्पांचा सौदा अप्पांबरोबर गेला. माझ्याशी नवा करा."

"धर," थोरले म्हणाले. "दोनच धर."

मारोतरावांनी हात पुढे केला. बाभळीच्या सालीसारखा खरखरीत हात, पण घामानं ओला. रुमालाखाली त्यांनी किती बोटं धरली ते मी सांगणार नाही. बैलबाजारात असलं सांगत नाहीत. एवढं खरं, की धरली ती चटकन धरली आणि सोडायला मात्र बराच वेळ लावला. मग त्यांनीच रुमाल बाजूला केला आणि भावाकडे वळले.

"दादा, सौदा दोनाचाच व्हता. माझी जबान खोटी न्हाई. पर त्यो माणूस गेला. एक साल त्येच्या नावानं वरून दिलं."

"वरून?"

"भाजीवाली सुदिक वरून कोथमीर देती. आपुन तिच्यापेक्षा हलके हावं का?"

एवढ्या लोकांत, गेलेल्या माणसाच्या नावानं दिलेलं परत घ्या असं कोण म्हणणार? थोरल्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा टोपी घातली. कोमल तोवर एकेका ढांगेत तीन तीन पायऱ्या चढून प्रयोगशाळेत पोचली होती.

थोरले फाटकापर्यंत गेले आणि तिथूनच मला ओरडून म्हणाले, "ओ सर! पुढच्या साली पुन्हा रुमाल काढायचा न्हाई, सांगून ठिवतो!"

मारोतराव त्यांच्या शेजारीच उभे होते. माझ्याकडे बघत त्यांनी बोटं मिटली आणि हात खिशात घातला.