लाभापासून वीसपर्यंत

राज्य नवे होते, सुलतानपुरातील आमची बालवाडीही नवी होती, आणि या नवेपणाचा प्रसाद माझ्या पाच वर्षांच्या नातीस मिळाला. बालवाडीच्या बाईंनी एक छापील कागद घरी धाडला : 'घरी घ्यावयाचे आनंददायी खेळ'. शेजारणीची मुलगी सहा वर्षांची झाल्याने जूनमध्ये पहिलीत जाणारच होती. माझी नात काही महिन्यांनी लहान. तिने चैत्रात येणाऱ्या पर्यवेक्षकांसमोर वीसपर्यंत मोजून दाखवले तरच तिला पहिली, नाहीतर पुन्हा बालवाडी. नातीचे मागणे एवढेच होते : "मले तिच्यापाशीच बसाचं हाय."

माझे चिरंजीव कचेरीत कारकून. त्यांनी तो कागद सरकारी परिपत्रकाच्या निष्ठेने वाचला आणि भिंतीवर तक्ता लावला : 'साडेपाच ते सहा, आनंद'. चिंचोके धुऊन, पुसून, वीस मोजून डबीत ठेवले. हसल्याने लक्ष विचलित होते, म्हणून आनंदाच्या वेळात हसण्यास मनाई झाली.

त्यांना हसण्याचा अधिकार मला नाही. विद्या म्हटली की शुचिर्भूतता आली, असे मी ठरवले. नातीस स्नान घालून, पाटावर पूर्वाभिमुख बसवून, आचमन करवून मगच मी चिंचोक्यांस हात लावू देत असे. एक आकडा चुकला की पुन्हा प्रारंभापासून. माझे बालपण ज्या रीतीने लवकर संपले, तिलाच मी आयुष्यभर संस्कार म्हणत आलो होतो.

बाराव्या दिवशी नातीने अतिशय विनयाने विचारले, "आबा, हा खेळ झाला का मंग मी खेळाले जाऊ?"

त्या दिवशीही ती सातावर अडकली. चिरंजीवांनी तक्त्यात लिहिले : 'प्रगती समाधानकारक'.

फाल्गुनात शेजारणीच्या अंगणात ज्वारीची रास पडली. शेजारीण पायलीने धान्य मोजू लागली आणि दोन्ही मुली राशीशेजारी बसल्या. आमच्या डबीतले पवित्र चिंचोके नातीने केव्हा पळवले, कोणास ठाऊक. पायली पोत्यात रिती झाली की एक चिंचोका बाजूस, आणि तिघींचा एकच सूर : "लाभ... दोन... तीन..." मध्येच शेजारीण म्हणे, "काऊन वं पोरी, सात खाऊन टाकला का?" की तिघी खदखदून हसत. संध्याकाळपर्यंत नात स्नान-आचमनावाचून वीसपर्यंत पोचली होती. मी कुंपणापलीकडून ऐकत होतो आणि जपाची माळ हातात तशीच राहिली होती.

चैत्रात बालवाडीत पर्यवेक्षक आले, पुण्याकडचे. नातीबरोबर चिरंजीव आणि मीही गेलो. त्यांनी वीस चिंचोके मांडले. नातीने बोट ठेवले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "लाभ, दोन, तीन..." वीसपर्यंत कोठेही चूक नाही.

"हिला एक येत नाही," ते म्हणाले आणि त्यांनी लेखणी उचलली. चिरंजीवांचा चेहरा उतरला. नातीने माझ्याकडे पाहिले.

मी म्हणालो, "साहेब, आमच्याकडे रास मोजताना पहिल्या मापास एक म्हणत नाहीत. पहिले माप लाभाचे, देवाचे नाव घेतल्यासारखे. आपल्याकडे धान्य दुकानातून येत असावे, म्हणून तेथे एकापासून प्रारंभ होतो."

ते किंचित ओशाळले. "बरं, एक म्हणून मोज पाहू."

नात हलेना. राशीस नजर लागेल, ही तिची चिंता. मी तिला जवळ घेऊन सांगितले, "बाळ, ही रास नव्हे. हे चिंचोके आहेत." तेव्हा कोठे तिने साहेबांवर कृपा केली आणि एक ते वीस मोजून दाखवले.

पर्यवेक्षकांनी होकाराची खूण केली. चिरंजीवांस तेवढ्यात धीर आला. खिशातून घडी केलेला तक्ता काढून ते म्हणाले, "घरी रोज अर्धा तास खेळ घेतले, साहेब. सर्व नोंदी आहेत."

"वा! मग काय खेळलीस घरी?" साहेबांनी नातीस विचारले.

"घरी कुठी?" ती म्हणाली. "घरी तं आबा अन् बाबा खेळत. मी बसून राहो." आणि शेजारणीच्या मुलीस आपली जागा पक्की झाल्याचे सांगण्यास ती दारातून धावत सुटली. तक्ता चिरंजीवांनी पुन्हा खिशात घातला. घरी परतताना आम्ही दोघेही एकमेकांकडे पाहण्याचे टाळत होतो.