मामांचे विलायतेतले दिवस

ज्या देशात इन्कम टॅक्स नावाची वस्तूच नाही, त्या देशात बसून टॅक्स रिटर्नवर मनापासून प्रेम करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा मामा निघाला. अमिरातीतल्या फुजैरात आम्ही मराठी माणसं मोजून पंधरा-वीस घरं. कोणाला पेटीचा नाद, कोणाला क्रिकेटचा, कोणी दर शुक्रवारी समुद्रावर गळ टाकून बसणारा. मामांना विलायतेच्या टॅक्स रिटर्नचा नाद होता. ठाण्यातून निघून ते चौदा वर्षं लेस्टरला नोकरीला होते, तिथला पासपोर्ट घेतला, घर घेतलं, आणि मग फुजैराच्या तेलाच्या टर्मिनलवर लोडिंग मास्तर म्हणून आले. जहाजात तेल नीट भरलं जातंय की नाही हे पाहायचं काम. आठ आठवडे काम, चार आठवडे सुट्टी. लेस्टरचं घर भाड्याने दिलेलं. त्या भाड्यापायी मामांना दर वर्षी विलायतेच्या टॅक्स खात्याकडे रिटर्न भरावा लागे. दुसऱ्या कोणी याला कटकट म्हटलं असतं. मामा त्याची वाट बघत.

त्यांचं नवं वर्ष सहा एप्रिलला सुरू व्हायचं, कारण विलायतेचं टॅक्सचं वर्ष पाच एप्रिलला संपतं. त्या दिवशी मामा सकाळी आंघोळ करून नवी फाइल काढत, तिच्यावर काळ्या शाईने वर्ष घालत आणि मामींना काहीतरी गोड करायला सांगत. मामी श्रीखंड करायच्या, पण बोलून दाखवायच्या. "आपला पाडवा आत्ताच झाला," त्या मला म्हणाल्या, "आता हा गोऱ्यांचा. ज्यांना वर्ष सुरू करायला महिन्याची पहिली तारीख सापडत नाही, त्यांच्याशी यांचं कसं जमतं देव जाणे." मामा वाटी चाटत म्हणाले, "अगं, त्याला कारण आहे. जुनं कॅलेंडर बदललं तेव्हा अकरा दिवस..." ते कारण पूर्ण ऐकलेला माणूस फुजैरात नव्हता. मामीसुद्धा नाही.

मामा फॉर्म कागदावरच भरत. परदेशात राहणाऱ्यांना एक जादा पान जोडावं लागे आणि ते खात्याच्या वेबसाइटवरून जात नसे, हे एक कारण. खरं कारण असं की मामांना कागद आवडायचा. आधी पेन्सिलने भरायचा, मग झेरॉक्स, मग शाईने, मग पुन्हा झेरॉक्स. कागदी फॉर्मची शेवटची तारीख एकतीस ऑक्टोबर, म्हणून मामा सप्टेंबरातच पोस्टात हजर. काउंटरवरचा मल्याळी पोस्टमास्तर त्यांना लांबूनच ओळखायचा. "यल्ला, चलो अंकल, फिर लंडन?" मामा रजिस्टर्डची पावती दिव्यापुढे धरून वाचत आणि बाहेर येऊन मला सांगत, "पंचेचाळीस दिरहम, म्हणजे साधारण साडेपाचशे रुपये. पण झोप लागते हो, जावईबापू."

आपला झाला की मामा दुसऱ्यांच्या रिटर्नकडे वळत. फुजैरात गोरे फार नव्हते, पण होते ते सगळे सप्टेंबर ते जानेवारी शुक्रवारी सकाळी मामांच्या हॉलमध्ये यायचे. बोटींचे कप्तान, शाळेतल्या मास्तरणी, वेल्डर, एक दाताचा डॉक्टर. मामी पोहे करायच्या आणि गोरे ते चमच्याने, फार आदराने खायचे. प्रश्न ठरलेले असत. पहिला प्रश्न हमखास असा, की मी तिथे राहत नाही, तिथे कमवत नाही, मग रिटर्न कशाला? मामा विचारत, "खात्याने तुला भरायला सांगितलाय का?" तो म्हणे, पत्र आलंय. "मग भरायचा. टॅक्स शून्य असणं वेगळं आणि रिटर्न न भरणं वेगळं. शून्य असलं तरी शून्य लिहून पाठवायचं." दुसरा प्रश्न बँकेतल्या व्याजाचा, तिसरा आईने मागे ठेवलेल्या घराचा, चौथा हळू आवाजातला: चुकलं तर तुरुंगात घालतात का? मामा या प्रश्नाला हसत नसत. "प्रामाणिक चूक असेल तर दुरुस्त करता येते," ते म्हणत. "न उघडलेलं पाकीट मात्र दुरुस्त करता येत नाही."

पाकिटाचं हे वाक्य त्यांनी एका स्कॉटिश पाणबुड्यासाठी पहिल्यांदा वापरलं. हा सहा फूट चार इंच माणूस जहाजांच्या बुडाखाली जाऊन दुरुस्त्या करायचा. शार्कला भीत नव्हता, पण टॅक्स खात्याच्या तपकिरी पाकिटाला भ्यायचा. तीन वर्षांची पाकिटं त्याने लुलु सुपरमार्केटच्या पिशवीत भरून आणली होती आणि ती टेबलावर ठेवून तो स्वतः बाल्कनीत जाऊन उभा राहिला. मामांनी ती स्वतः उघडली नाहीत. त्याला आत बोलावलं, शेजारी बसवलं आणि म्हणाले, "तू उघड. मी बसलोय." पाणबुड्याने एकेक पाकीट फोडलं. दोनांत नुसती स्मरणपत्रं होती, एकात शंभर पौंड दंड, आणि शेवटच्यात खात्यानेच त्याला दीडशे पौंड परत द्यायचं म्हटलं होतं. मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "विचारा त्याला, अजून पोहे हवेत का. रंग परत आलाय चेहऱ्यावर."

इथवर सगळं गमतीचं. पण मामांचं एक मोजणं होतं, त्याची गंमत मला कधी वाटली नाही. तेव्हाच्या नियमाने, परदेशात राहणाऱ्या माणसाचे विलायतेतले दिवस चार वर्षांच्या सरासरीने वर्षाला एक्याण्णवच्या आत राहिले पाहिजेत. तसं झालं नाही तर तो तिथला रहिवासी ठरतो, आणि मग फुजैराच्या पगारावरही तिथे टॅक्स. मामांची एकुलती एक मुलगी लेस्टरलाच राहायची. सुट्टी मिळाली की मामा-मामी तिच्याकडे, आणि मामांचं भिंतीवरचं कॅलेंडरही बरोबर जायचं. जितक्या रात्री तिथे, तितक्या फुल्या. दर वर्षी अठ्ठ्याऐंशी. सत्त्याऐंशी नाही, एकोणनव्वद नाही. "दोन दिवस हातात ठेवायचे," ते म्हणत. "विमान चुकलं तर?"

मुलीने स्वतःचा फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीचा मुहूर्त मामांच्या अठ्ठ्याऐंशीव्या दिवसानंतर दोन दिवसांनी निघाला. मुलगी विमानतळावर सोडायला आली तेव्हा म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट टू डेज." मामांनी तिला सरासरी समजावली. ती ऐकून घेऊन म्हणाली, "ओके. आय अंडरस्टँड द रूल." मामी पूजेसाठी तिथेच थांबल्या. मामा एकटे फुजैराला आले आणि मला म्हणाले, "समजूतदार आहे हो पोरगी. लगेच पटलं तिला." मामी परत आल्यावर महिनाभर या विषयावर काही बोलल्या नाहीत, आणि मामींचं न बोलणं त्या घरात सर्वांना ऐकू यायचं. मामांना सोडून.

मग दोन हजार आठची मंदी आली. दुबईतल्या क्रेन जागच्या जागी थांबल्या, आणि त्याची झळ आमच्या डोंगराआडच्या फुजैरापर्यंत यायला काही महिने लागले. शुक्रवारी मामांकडे गर्दी वाढली आणि प्रश्न बदलले. नोकरी गेली, फेब्रुवारीत परत जातोय, आता इथला सगळा पगार तिथे दाखवायचा का? मामा प्रत्येकाला शांतपणे विचारत, इथे कधी आलास, मध्ये एक पूर्ण टॅक्स वर्ष बाहेर काढलंस का, तिथे किती रात्री राहिलास. उत्तरं लिहून घेत. शाळेतली एक मास्तरीण बोलता बोलता रडायला लागली, तेव्हा मामांनी पेन खाली ठेवलं आणि काय करावं ते न कळून तिला स्टेपलर दिला. तिने तो धरून ठेवला. पाणबुड्याही गेला. जाताना आपलं शिसवी जेवणाचं टेबल मामांना देऊन गेला, आणि ते जिन्यातून वर चढवायला स्वतःच थांबला.

पुढच्या नोव्हेंबरात लेस्टरहून फोन आला. मुलगी जिन्यावरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तिचा नवरा कामानिमित्त स्कॉटलंडात, आठवड्यातून दोन दिवस घरी. मामांचे त्या वर्षाचे चाळीस दिवस आधीच झाले होते. टर्मिनलवर काम मंदावलेलं, कंपनीला तेव्हा बिनपगारी रजा मागणारा माणूस देवासारखा वाटत होता. दोन दिवसांत दोघं निघाले. त्यांच्या इथल्या फ्लॅटची किल्ली माझ्याकडे. घाईत कॅलेंडर भिंतीवरच राहिलं होतं, तेव्हा मी तुळशीला पाणी घालायला गेलो की मामांच्या वतीने फुल्या मारायचो. जानेवारीच्या सुरुवातीला मीच फोन केला.

"मामा, अठ्ठ्याऐंशी झाले हो."

"कसले?"

मी सांगितलं. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. "बरं," मामा म्हणाले, "ती आज काठी घेऊन न्हाणीघरापर्यंत गेली. मी बाहेर उभा होतो. आत गेल्यावर ओरडून म्हणाली, बाबा, आय मेड इट! तुळस कशी आहे?"

मग मी फुल्या मारणं सोडून दिलं.

ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आले. मामा वाळले होते आणि त्यांना पोळ्या लाटता येत होत्या. त्या वर्षीचा फॉर्म त्यांनी पाणबुड्याच्या टेबलावर पसरला, तेव्हा मी मुद्दाम जाऊन बसलो. मला वाटत होतं, सुटका सोपी आहे. नियमातच सोय होती: स्वतःचं किंवा घरच्या माणसाचं आजारपण अशी अपवादात्मक परिस्थिती असेल, तर ते दिवस सरासरीत धरत नाहीत. मामांनीच हे किती गोऱ्यांना सांगितलं होतं.

"नोव्हेंबरपासूनचे एकशे अडतीस दिवस," मी म्हटलं. "सगळे अपवादात टाका. खलास."

"साठ," मामा म्हणाले.

"साठ का?"

"जानेवारीच्या मध्यावर डॉक्टरने सांगितलं, आता ही स्वतःचं स्वतः करू शकते. जावयांचीही लेस्टरला बदली झाली होती. साठ दिवस तिच्या आजाराचे. पुढचे अठ्ठ्याहत्तर माझे आहेत."

"मामा, खात्याला काय कळतंय?"

"खात्याचा प्रश्न नाही, जावईबापू." त्यांनी चष्मा काढला. "रोज संध्याकाळी आम्ही कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत चालत जायचो. ती पुढे, काठी टेकत, मी मागे. तिने मला कधीच म्हटलं नाही की थांबा. मलाच जायचं नव्हतं. आता बाप मुलीकडे राहिला, ही अपवादात्मक परिस्थिती म्हणून मी लिहून देऊ?"

मी सरासरी काढून पाहिली. ती एक्याण्णवच्या वर गेली. मामा त्या वर्षापुरते विलायतेचे रहिवासी ठरले आणि फुजैरातल्या सात महिन्यांच्या पगारावर त्यांनी टॅक्स भरला. नवी गाडी घ्यायचं चाललं होतं ते राहिलं. मी मामींकडे पाहिलं, त्या काहीतरी बोलतील म्हणून. त्या भाजी निवडत होत्या. "नीट अक्षरात लिहा," एवढंच म्हणाल्या.

दोन वर्षांनी मामा निवृत्त होऊन लेस्टरला गेले. भाडेकरू आपणहून निघाला आणि मामा-मामी स्वतःच्याच घरात राहायला लागले, मुलीपासून तीन बसस्टॉपवर. मी मधल्या काळात अमिरातीतल्याच अल ऐनला बदलून आलो. गेल्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला, आवाज जरा पडलेला. खात्याचं पत्र आलं होतं. भाडं बंद, पेन्शनवरचा टॅक्स परस्पर कापला जातो, तेव्हा यापुढे आपणास रिटर्न भरण्याची आवश्यकता नाही, कळावे.

"मोकळं केलं हो मला," मामा म्हणाले.

"चांगलंच झालं की. मग आता वेळ कसा जातो?"

"नात आहे ना. शाळेतून आणायची, पोहायला न्यायची. ती फार प्रश्न विचारते." मग घसा खाकरून, काही उसनं मागावं तसं त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे काही आहे का हो? एखादा फॉर्म वगैरे?"

"नाही मामा. सध्या तरी काही नाही."

"असू दे, असू दे," मामा मला धीर देत म्हणाले. "येईल कधीतरी. इन्शाल्ला."